यादीतून सुटलेला कप्तान

माझा भाऊ झेनोनास एकतीस वर्षं दर सप्टेंबरला आमच्या गावच्या साप्ताहिकात एक लेख लिहायचा. लेख कसला, यादीच. हंगाम सुरू होण्याआधी लिनास संघात कोण कोण आहे, कोण कसा खेळतोय, कुणाकडून किती आशा ठेवावी, असं प्रत्येकाबद्दल तीन-चार ओळी. शेवटी संघ कितवा येईल याचा अंदाज. त्याचं अक्षर त्याच्याखेरीज फक्त मलाच लागायचं, म्हणून टंकायचं काम माझ्याकडे. माझा नवरा गेल्यावर मी भावाच्याच घरी राहायला आले होते. त्यानं लग्न केलंच नव्हतं.

आमच्या गिर्वेनाय गावात बास्केटबॉलवर मत नसलेला माणूस सापडायचा नाही. पाववाली, पाद्री, दात काढणारा डॉक्टर, सगळ्यांना सगळं कळतं. पण झेनोनासच्या मताला वजन होतं, कारण तो ऑगस्टभर सरावाला जाऊन बसायचा. बाकी गाव त्या दिवसांत तळ्यावर नाहीतर जंगलात अळंबी वेचायला, आणि हा रोज सकाळी दहा ते बारा जुन्या गिरणीच्या क्रीडागृहात, तिसऱ्या रांगेत. तिथलं लाकडी कोर्ट एका कोपऱ्यात फुगलेलं आहे. आत रबराचा आणि मलमाचा वास असतो. पाण्याची बाटली आणि वही घेऊन बसायचा. कुणाशी बोलायचा नाही.

लिनास म्हणजे जवस. आमची गिरणी जवसाच्या धाग्याचं कापड विणायची आणि संघ गिरणीनंच काढलेला. गिरणी बंद पडून बावीस वर्षं झाली, संघ मात्र राहिला. झेनोनास गिरणीत मागांचा फिटर होता. शंभर माग चालू असले तरी कुठला बिघडणार आहे ते तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. सरावातसुद्धा तो बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त, असं मला नेहमी वाटायचं.

खेळाडू त्याला घाबरून असायचे, पण त्याचा राग कुणी धरला नाही. तो वाईट लिहायचा तेही नेमकं लिहायचा. एकतीस वर्षांत त्यानं खोटं लिहिलं नव्हतं, आणि हे गावाला ठाऊक होतं. हंगामाची तिकिटं घ्यायची की नाही हे लोक तो लेख वाचून ठरवायचे.

त्या वर्षी संघाची दशा बघवत नव्हती. आदल्या हंगामात आम्ही एका सामन्यानं खालच्या गटात जाता जाता वाचलो होतो. चांगले तीन खेळाडू निघून गेले. संघ आता लाकडाचा धंदा करणाऱ्या शेरैवा साहेबांकडे होता, आणि त्यांनी नऊ माणसांवर भागवायचं ठरवलं होतं. सरावात पाच विरुद्ध पाच खेळायचं तर दहावा म्हणून प्रशिक्षक विर्गिसला स्वतः बूट बांधावे लागायचे.

झेनोनास दुपारी घरी यायचा. बिटाचं गार सूप आणि उकडलेले बटाटे खाता खाता त्या दिवशीचं सांगायचा.

तादास चेंडू आपटत नेताना चेंडूकडेच बघत राहतो, जणू पळून जाणार आहे तो. दोनातास उन्हाळ्यात चार लग्नं जेवून आलाय आणि वाढलेल्या पोटाला ताकद म्हणतोय. सेंटरला उभा राहिला की रिंगखालची जागा भरते खरी, पण उडी मारली की त्याच्या बुटाखालून वर्तमानपत्र सरकवता येणार नाही. अमेरिकेहून आलेला कॉर्डेल सभ्य मुलगा, सगळ्यांशी हात मिळवतो. समोर कुणी नसलं तर दहापैकी आठ वेळा तीन गुणांची फेक घालतो. समोर कुणी हात वर केला की लगेच पाहुण्यासारखा बाजूला होतो. एकोणीस वर्षांचा उग्नियुस तेवढा खराखुरा खेळाडू. त्याचे हात बघण्यासारखे. पण पास दिल्यावर तो चेंडूकडे न बघता प्रशिक्षकाकडे बघतो, बरोबर केलं ना म्हणून. आणि तो काही इथं राहणार नाही, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"एकूण काय?" मी विचारायची.

"एकूण नववा नंबर. दहा संघ आहेत म्हणून नववा."

गीतिसबद्दल मात्र तो काही बोलत नव्हता. गीतिस आमचा कप्तान. गावचाच मुलगा, बाप गिरणीच्या रंगखात्यात होता. पस्तिशीचा झाला होता आणि अकरा हंगाम लिनासकडून खेळला होता. लोक सामन्याला यायचे ते निम्मे त्याच्यासाठी. त्याची बायको एदिता दोन वर्षांपासून नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात होती, मुलगीही तिकडेच शाळेत. गीतिस एकटा इथं राहिला होता, कारण शेरैवा साहेबांनी त्याला शब्द दिला होता. गावच्या क्रीडाशाळेतले प्रशिक्षक जूनमध्ये निवृत्त होणार होते. हा हंगाम खेळून संपवला की ती जागा गीतिसला. मग एदिता आणि मुलगी परत येणार. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

दहा-बारा दिवसांनी मीच विचारलं, "गीतिसचं काय?"

त्यानं चमचा खाली ठेवला. म्हणाला, माणूस उडी मारून खाली आला की दोन बुटांचे दोन आवाज येतात, जरा पुढेमागे. गीतिसचा एकच येतो. तो उजव्यावर उतरतो आणि डावा नंतर हळूच टेकवतो. डावीकडचा रिबाउंड, म्हणजे रिंगला लागून उसळलेला चेंडू, असला की तो तिकडे जातच नाही, दुसऱ्याला ओरडून पाठवतो. लोकांना वाटतं कप्तान संघ चालवतोय.

"विर्गिसला दिसत नाही?"

"विर्गिस दहावा होऊन खेळतोय. तो कधी बघणार?"

त्याच रविवारी, चर्च सुटल्यावर, गीतिस आमच्याकडे आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा आणला होता त्यानं. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत यायला त्याला मान वाकवावी लागायची. बसला, चहा घेतला, माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. मग झेनोनासला म्हणाला, "काका, दोन आठवडे तुम्ही एकदाही माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाहीत."

"डावा?" झेनोनासनं विचारलं.

"डावा."

"कधीपासून?"

"मार्च."

मग त्यानं सांगितलं. शहरातल्या एका डॉक्टरला त्यानं गुपचूप दाखवलं होतं. आतली गादी झिजून गेली होती. डॉक्टर म्हणाला होता, चाल, पोह, सायकल चालव, खेळू नकोस. तो दर तीन आठवड्यांनी शहरात जाऊन सुई टोचून घेत होता. हंगामाच्या तपासणीत छाती ऐकतात, वजन घेतात, सही करतात. गुडघा कुणी वाकवून बघत नाही.

"मला फक्त मेपर्यंत, हंगाम संपेपर्यंत जायचंय," तो म्हणाला. "माझी स्तुती करू नका. म्हातारा झालाय लिहा, हळू झालाय लिहा. फक्त पाय सोडून लिहा."

"पाय सोडून तुझ्याबद्दल लिहू काय? केसांबद्दल?"

गीतिस हसला. त्याचे केसही फारसे उरले नव्हते. पण झेनोनास हसत नव्हता. गीतिसनं ते पाहिलं आणि उठला. दारात मला म्हणाला, "काकू, मासा आजच खा, उद्यापर्यंत कोरडा पडेल."

आम्ही तो खाल्ला. चव लागली नाही.

लेख बुधवारी द्यायचा असायचा. आठ जणांचं सोमवारी सकाळीच लिहून झालं. नववा अडला. "कप्तान अनुभवी आहे," असं त्यानं लिहिलं आणि खोडलं. "कप्तानाकडून नेहमीचीच अपेक्षा," लिहिलं, तेही खोडलं. म्हणाला, अनुभवी आहे हे खरं, पण ते एवढंच सांगितलं तर खोटं होतं. विर्गिसनं सगळा खेळ गीतिसभोवती रचलाय. लोक माझं वाचून तिकिटं काढणार. आणि तो पोरगा नोव्हेंबरमध्ये कोर्टावर कोसळला तर कायमचा लंगडा होईल, ते मी माहीत असून झाकलं असं होईल. मी म्हटलं, आणि खरं लिहिलंस तर? तो म्हणाला, तर मी एका माणसाचं घर मोडलं असं होईल.

बुधवारी सकाळी तो वही उघडी ठेवून खिडकीशी बसला होता. दोन रात्री झोपला नव्हता, डोळे लाल झाले होते. मला त्याचं ते बघवेना.

"मग लिहूच नकोस त्याच्यावर," मी म्हणाले. "आठ जणांचं दे. खोटंही नाही आणि पायाचंही नाही."

"असं चालेल?" त्यानं विचारलं.

"कुणाच्या लक्षात येतंय. जागा पुरली नसेल म्हणतील."

मी आठ जणांचं टंकलं आणि दुपारी साप्ताहिकाच्या कार्यालयात देऊन आले. येताना हलकं वाटत होतं. आपण फार शहाणपणा केला असं वाटत होतं.

गुरुवारी अंक निघाला. दहा वाजता मी पाव आणायला गेले तर पाववालीनं अंक काउंटरवर पसरून ठेवला होता. "नियोले, गीतिस कुठाय यात?" मी म्हटलं, जागा पुरली नसेल. ती म्हणाली, दोनातासच्या पोटाला पाच ओळी पुरल्या आणि कप्तानाला एक नाही? दुपारी संपादिका आल्मा बाईंचा फोन आला, एखादं पान द्यायचं राहिलं का म्हणून. शुक्रवारी औषधाच्या दुकानात दोन बायका माझ्यासमोरच बोलत होत्या. एक म्हणाली गीतिस पितोय, दुसरी म्हणाली त्याचं दुसऱ्या संघाशी ठरलंय. कुणी म्हणालं, झेनोनासशी भांडण झालं असेल. एकतीस वर्षांत ज्यानं राखीव खेळाडूलासुद्धा वगळलं नाही, त्यानं कप्तानाला वगळलं, हे गावानं लेखातल्या सगळ्या ओळींपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचलं होतं. शनिवारी पहिल्यांदा कुणीतरी गुडघा म्हणालं. सरावाच्या वेळी खिडकीशी उभं राहून लोक त्याच्या पायांकडे बघायला लागले, आणि एकदा बघायला लागल्यावर ते दिसणारच होतं.

शनिवारी दुपारी विर्गिस आमच्या फाटकाशी आला. आत या म्हटलं तर आला नाही. मी सफरचंदांची बादली घेऊन अंगणात उभी होते आणि झेनोनास शिडीवर होता. विर्गिस वर बघून म्हणाला, "काका, एकच विचारतो. गीतिसला विसरलात का?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. सत्तरीला आलेला माणूस, विसरू शकतो. मी मनात म्हणत होते, हो म्हण, एकदा हो म्हण. झेनोनास शिडीवरून उतरला. हात पुसले. विर्गिसकडे बघत उभा राहिला, आणि काही बोलला नाही.

विर्गिसनं वाट बघितली. मग मान हलवली. "कळलं," म्हणाला आणि गेला.

सोमवारी गीतिसला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेऊन गुडघ्याचा एक्स-रे काढला. मंगळवारी करार रद्द. शेरैवा साहेब स्वतः त्याच्या घरी गेले होते म्हणे, चांगलं बोलले, पण नऊ माणसांच्या संघात एक बसवून ठेवणं परवडत नाही म्हणाले. क्रीडाशाळेच्या जागेचं कुणी थेट नाही म्हटलं नाही. फक्त पुढच्याच आठवड्यात कळलं की शेरैवा साहेबांच्या भाच्याचं नाव तिथं घेतलं जातंय.

हंगामाआधीचा शेवटचा सराव सामना घरच्याच कोर्टवर शेजारच्या गावाशी होता. जेमतेम दीडशे माणसं आली. आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत. आठ खेळाडू कोर्टवर आले, आणि ते कमी आहेत हे मोजायची गरज नव्हती. पहिली पाच मिनिटं उग्नियुसनं एकट्यानं खेचली. मग समोरच्यांनी त्याच्यावर दोन माणसं लावली, आणि चेंडू कुणाला द्यायचा हे त्याला कळेना. त्यानं दोन-तीनदा उजव्या कोपऱ्यात पास टाकला. तिथं गीतिस उभा राहायचा. तिथं आता कुणीच नव्हतं, चेंडू तसाच बाहेर जायचा. कॉर्डेल बाजूला होत राहिला. दोनातास तिसऱ्या सत्रात कंबरेवर हात ठेवून उभाच राहिला. सदतीस गुणांनी हरलो. शेवटच्या मिनिटाला खालच्या रांगेतला एक माणूस मागे वळून म्हणाला, "काय झेनोनास, झालं ना तुझ्या लेखासारखं?" आजूबाजूचे बघायला लागले. झेनोनास वही मांडीवर धरून बसला होता. त्यात त्यानं त्या दिवशी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

लेखात कप्तान वगळायची कल्पना माझी होती, हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. मलाही कधी बोलून दाखवलं नाही. त्यामुळे मला ते जास्त लागलं.

गीतिस सप्टेंबरच्या शेवटच्या बुधवारी नॉर्वेला निघाला. विमानतळाची बस सकाळी नऊला चौकातून सुटते. झेनोनास न सांगता तयार झाला आणि मी त्याच्याबरोबर गेले. गीतिसजवळ दोन मोठ्या पिशव्या होत्या. आम्हाला बघून त्यानं तोंड फिरवलं नाही.

झेनोनासच्या आधी मीच बोलले. म्हटलं, "गीतिस, तुझं नाव वगळायचं मी सुचवलं. त्याला तर लिहायचंही नव्हतं आणि झाकायचंही नव्हतं. मला वाटलं, असं केलं तर तू वाचशील."

त्यानं बसकडे एकदा बघितलं.

"काकू, काकांनी खोटं लिहिलं असतं तर काय झालं असतं सांगू? ऑक्टोबरभर खेळलो असतो. नोव्हेंबरमध्ये पडलोच असतो, ते मलाही माहीत होतं. मेपर्यंत काही मी जाणार नव्हतो." त्यानं एक पिशवी उचलली. "पण ऑक्टोबर तरी मिळाला असता."

झेनोनासनं हात पुढे केला. गीतिसनं तो हातात घेतला, हलवला, आणि बसच्या पायऱ्या चढला. प्रत्येक पायरीवर आधी उजवा.

हंगाम सुरू झाला. आम्ही पहिल्या दोन सामन्यांना गेलो. दुसऱ्या सामन्यात मध्यंतर झालं तेव्हा झेनोनास उठला आणि म्हणाला, चल. सामना अर्धा सोडून त्याला बाहेर पडताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यानंतर तो गेला नाही. निकाल मी पाववालीकडून ऐकायची आणि घरी सांगायची नाही. नाताळपर्यंत दोन विजय. जानेवारीत उग्नियुसला मोठ्या शहरातला संघ घेऊन गेला. कॉर्डेल मायदेशी गेला, जाताना सगळ्यांशी हात मिळवून. फेब्रुवारीत शेरैवा साहेबांनी उरलेल्या सामन्यांतून संघ काढून घेतला. नववा नंबरही आला नाही. क्रीडागृहाला कुलूप लागलं आणि नगरपालिकेनं छताचं काहीतरी कारण सांगितलं.

वसंतात औषधाच्या दुकानात मला एदिताची आई भेटली. गीतिसची मी चौकशी केली. तोही एदिताच्या कारखान्यातच लागला होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नाव घातलंय, पण नंबर कधी लागेल सांगत नाहीत. मुलगी तिकडची भाषा बोलते, आजीशी फोनवर आपल्या भाषेत बोलताना अडखळते. परत यायचा विषय आता कुणी काढत नाही, ती म्हणाली.

हे झेनोनासला सांगावं की नाही यावर मी चार दिवस घालवले. शेवटी सांगितलं. तो बागेत बटाट्यांना माती चढवत होता. सगळं ऐकून घेतलं.

"काम बसून आहे की उभ्यानं?" त्यानं विचारलं.

"उभ्यानं. आठ तास."

त्यानं मान हलवली आणि पुढची ओळ धरली. मी दुसरी कुदळ आणली आणि दुसऱ्या टोकाकडून माती चढवायला लागले. ऑगस्टमध्ये साप्ताहिकातून कुणाचा फोन आला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतंच.